खांड्याची सवाष्ण

जुनी हत्यारं ओळखायची आणि त्यांची किंमत ठरवून द्यायची, हा इंद्रभान भोपळे यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. त्यात निम्मं कसब भिंगाचं आणि निम्मं समोरच्याला हळूहळू नाराज करण्याचं. खामगावातल्या त्यांच्या बैठकीत येणारा माणूस आधी इतिहास सांगायचा आणि मग पिशवीची गाठ सोडायचा. इतिहास बहुतेक एकच: पणजोबांनी वाघ मारला आणि निजामाने खूश होऊन कमरेचं पिस्तूल काढून त्यांच्या हातात दिलं. वऱ्हाडात वाटलेली पिस्तुलं पाहिली तर निजामाला दुसरं काही काम नसावं. आणि मारलेले वाघ धरले तर माणसांना राहायला जागा कुठे उरली होती, हाच प्रश्न पडावा. इंद्रभान सगळं ऐकून घ्यायचे, भिंग लावायचे आणि मऊ आवाजात सांगायचे, की असली पिस्तुलं बेल्जियममध्ये टोपल्यांनी बनत होती, मुंबईच्या दुकानात सहज मिळायची, आणि पणजोबांनी हे रोखीने घेतलं असावं. माणूस चहा न पिता उठायचा.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सरकारी दारूगोळा कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. ज्या वस्तू माणसांना मारतात त्या नियमाप्रमाणे मारतात की नाही, एवढंच ते पाहत. अशा कामाने माणूस एक तर देवभोळा होतो, नाही तर कशावरच विश्वास न ठेवणारा. इंद्रभान दुसऱ्या प्रकारात मोडत. बायको, वंदना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी अनुपमा बंगळुरात होती, ती रविवारी फोन करून "जेवलात का बाबा?" विचारायची, ते "जेवलो" म्हणायचे आणि मग उठून कुकर लावायचे. एरवी आतल्या खोलीत टीव्ही सुरू ठेवून ते बाहेरच्या खोलीत बसत. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं, आणि उत्तर द्यावं लागत नसे. संसाराची एवढी सोय त्यांना पुरेशी होती, असं ते स्वतःला सांगत.

"भोपळे साहेब, एक रिव्हॉल्वर पाहाचं हाये," वरवट बकालच्या बीटावरचे जमादार रवी एक दिवस फोनवर म्हणाले. "हत्यार लहान, भानगड मोठी."

"कोणी दिलंय? निजामानं?"

"नाही जी. सासऱ्यानं."

शेगावपर्यंत बस भरलेली होती. तिथे सगळे उतरले, आणि पूर्णेच्या पुलावरून पुढे ती निघाली ते इंद्रभान, कंडक्टर आणि कोंबड्यांची एक पाटी घेऊन. कापूस निघून गेला होता. शेतात झाडांच्या नुसत्या वाळक्या पराट्या उभ्या होत्या आणि उत्तरेला सातपुड्याची रांग धुरकट दिसत होती, कोणीतरी पुसायची राहून गेल्यासारखी. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या पाण्याने डाळ शिजत नाही आणि लोखंड टिकत नाही. बादलीची कडी वर्षभरात हातात येते, दाराच्या बिजागऱ्या गळून पडतात, आणि लोक त्याची तक्रारही करत नाहीत. कोणाकडे करणार, जमिनीकडे?

सत्यभामाबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, पुढे वांग्यांचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. ही भाजी विकूनच त्यांचं चालायचं. बाई ऐंशीच्या आसपासच्या, वाळक्या शेंगेसारख्या. पण कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि दोन्ही हातांत कोपराकडे सरकणारा हिरवा चुडा. ओट्यावर स्टीलचे दोन पेले उपडे घातलेले होते. मालक कुठे शेताबिताकडे गेले असतील, असं इंद्रभाननी धरून चाललं.

"आजी, हे साहेब. खामगावहून आले," जमादार म्हणाले.

"या भाऊ, बसा. आणते ह्यायले बाहीर."

त्या आत गेल्या आणि एक पाट दोन्ही हातांवर तोलत घेऊन आल्या. पाटावर जुन्या शेल्याची घडी, आणि घडीत रिव्हॉल्वर. त्यांनी पाट जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्याच्या जरा मागे, पदर सावरून बसल्या. नवऱ्यासोबत फोटो काढायला बसतात तशा.

इंद्रभाननी जमादारांकडे पाहिलं.

"मालक म्हंजे हेच, साहेब," जमादार आवाज खाली करून म्हणाले. "म्हंजे आता, कसं सांगू तुमाले..."

"तू काऊन सांगतं बे?" म्हातारी म्हणाली. "तुह्या लग्नाची गोष्ट हाये का? मी सांगते."

आणि त्यांनी सांगितली. आवाज भाजीचा भाव सांगताना असतो तेवढाच. त्यांच्या घराण्यात नवरदेवाला लग्नाला येता आलं नाही तर त्याचा खांडा येई. तलवार असो, कट्यार असो, त्याच्या घरचं हत्यार पाटावर बसवायचं, मध्ये आंतरपाट धरायचा, अक्षता टाकायच्या. लग्न पक्कं. त्यांचा नवरा सातपुड्यात लाकडाच्या ठेकेदाराकडे रखवालीला होता. सुटी मिळाली नाही. घरातली तलवार कधीच मोडीत गेली होती, म्हणून सासऱ्यांनी हे पाठवलं.

"आणि ते स्वतः?" इंद्रभाननी विचारलं.

"पोळ्याले येतो म्हणत होते."

"मग?"

"नाही आले."

जमादार स्वतःचे बूट पाहू लागले.

"मामंजीनं धुंडलं, ठेकेदारानं धुंडलं. जंगल मोठं हाये, भाऊ. पण लग्न तं झालं होतं ना. मी आली इथं. सासू गेली, मामंजी गेले. मंग आमी दोघंच राहिलो."

'दोघं' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की इंद्रभानना क्षणभर स्वतःच्या घराची आठवण झाली आणि ती त्यांनी परतवून लावली.

भानगड जमादारांनी समजावली. परवाना सासऱ्यांच्या नावावर, सासरे कधीचे गेले, आणि निवडणूक लागल्यावर वरून विचारणा आली. "दोनच रस्ते हायेत साहेब. तुमी लिहून दिलं का हत्यार कायमचं निकामी आहे, तं ते शोभेची वस्तू झालं. राहू द्या घरात. चालू हाये म्हणाल तं मालखान्यात जमा. गोणीत बांधून, लाखेचं सील मारून."

"निकामीच असणार," इंद्रभान म्हणाले. "एवढं जुनं."

"निकामी म्हंजे?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"म्हणजे संपलेलं. पुन्हा कधी न चालणारं."

बाईंचा एक हात दुसऱ्या हाताच्या चुड्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आमच्यात खांडा संपला का चुडा उतरवा लागते, भाऊ."

इंद्रभानना परिस्थितीचा चोखपणा पटला. नवरा घरात ठेवायचा तर गेलेला ठेवावा लागणार होता, आणि असलेला हवा तर पोलिसांच्या गोणीत. संसाराचा इतका बारकाईने विचार कायद्याने सहसा केलेला नसतो.

त्यांनी भिंग काढलं.

ओळख पटायला वेळ लागला नाही. बेल्जियमचंच. लंबगोलात तीन बारीक अक्षरांचा तिथला चाचणीचा शिक्का, पोटात दुमडणारा चाप, सहा घरांची फिरकी, आणि प्रत्येक घराच्या कडेला एक इवलीशी खाच. ही खाच म्हणजे या जातीची जन्मखूण. याच्या काडतुसाच्या कडेला खिळ्यासारखी एक पिन असायची. ती या खाचेतून डोकं वर काढायची आणि घोडा तिच्यावर पडायचा. असली काडतुसं बनणं बंद होऊन पिढ्या लोटल्या. आता ती संग्रहालयात काचेखाली असतात, आणि तिथेही बहुतेक रिकामी. संग्रहालयाबाहेर कोणाजवळ एखादं निघालं, तर त्याची किंमत रिव्हॉल्वरपेक्षा जास्त भरावी.

एवढं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ गंजाचा डाग शोधतोय आणि तो सापडत नाहीये.

ठाण्याच्या खिडकीचे गज ज्या गावात वाळवी लागल्यासारखे झडतात, तिथे हे लोखंड आरशासारखं होतं. बाईंनी निगा राखली असेल, तेलपाणी केलं असेल. इंद्रभाननी पांढऱ्या सुती कापडाची चिंधी सळईला गुंडाळली आणि नळीतून ओढली.

चिंधी काळीकुट्ट बाहेर आली.

त्यांनी ती नाकाशी नेली. हा वास चुकणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांची निम्मी हयात या वासात गेली होती. जळलेली काळी दारू. तीही ताजी. या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि नळी पुसली नाही तर बघता बघता लोखंड खाते. इथल्या हवेत तर दुसऱ्या दिवशीच तांबूस व्हायला हवी होती. राख अजून काळी, सुटी, कोरडी होती. म्हणजे हे हत्यार आज उडालं होतं. उशिरात उशिरा आज सकाळी.

"बाई, हे कोणी चालवलं?"

"कोण चालवन? मी तं घोड्याले हात बी लावत नाही. सकाळी तोंड पुसून देते, बस." त्यांनी पदराच्या टोकाने नळीचं तोंड हलकेच टिपलं. "काळं होते ना रोज."

इंद्रभाननी रिव्हॉल्वर तळहातावर घेतलं. ते कोमट होतं. ओट्यावर ऊन नव्हतं, आणि पाट तर आतल्या अंधाऱ्या खोलीतून आला होता.

"घरी नेऊन नीट तपासावं लागेल," ते म्हणाले. आपला आवाज आपल्याला हवा तेवढा शांत निघाला, याचं त्यांना बरं वाटलं.

जमादारांनी रीतसर ताबा लिहून दिला. बाईंनी शेला घट्ट गुंडाळला, आणि सोबत एक डबा दिला: कळण्याची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. बसमध्ये इंद्रभाननी तो उघडला. डबा दोघांचा होता.

*

घरी त्यांनी पद्धतशीर काम सुरू केलं. सोड्याच्या उकळत्या पाण्याने नळी धुतली, सहाही घरं धुतली, चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत ओढली. मग रिव्हॉल्वर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जानव्याला किल्ल्या बांधणाऱ्यांना आयुष्यभर हसत आलेल्या या माणसाने किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली.

सकाळी चिंधी काळी निघाली.

असं होऊ शकतं, इंद्रभाननी स्वतःला समजावलं. धातूच्या छिद्रांत जुनी राख बसलेली असते, ती हळूहळू वर येते. त्यांनी पुन्हा धुतलं. पुन्हा काळी. मग त्यांनी मेणबत्ती वितळवून नळीचं तोंड आणि सगळी घरं मेणाने बंद केली, आणि मेणावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवला. सकाळी मेण जागच्या जागी होतं, ठसा शाबूत. मेण काढल्यावर आतून राख निघाली. आवाज झाला नव्हता. कपाटाला भोक पडलं नव्हतं. इंद्रभाननी कपाटाची आतली बाजू विजेरी लावून तपासली आणि मग असं करताना आपल्याला कोणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. पाहायला घरात कोणी नव्हतंच. ही एकटेपणाची एक सोय.

वरवटहून फोन आला. शेजारच्या सोजराबाईच्या मोबाइलवरून सत्यभामाबाई बोलत होत्या.

"भाऊ, बरे आहेत ना ते? खोली वाऱ्याची हाये ना?"

"आहे."

"जेवले का?"

इंद्रभान भोपळे यांनी आयुष्यात कोणत्याही हत्याराविषयी खोटं सांगितलं नव्हतं.

"जेवले," ते म्हणाले.

पुढे फोन येत राहिले. बाई फार बोलत नसत. वांगी निघाली, सांबार जळाला, सोजराबाईचा बैल लंगडतो. आपल्या माणसाला सांगा म्हणून सांगायच्या. इंद्रभान फोन ठेवून टेबलाकडे येत, आणि काही वेळा त्यांच्या तोंडून निघूनही जाई, की वांगी निघाली बरं का. आता ते रिव्हॉल्वर कपाटात ठेवत नव्हते. उगाच काढघाल कशाला? ते टेबलावर, खुर्चीसमोर असायचं. आतल्या खोलीतला टीव्ही केव्हापासून बंद आहे, हे त्यांच्या एका दुपारी लक्षात आलं. एका सकाळी चहाचे दोन कप ओतले गेले. दुसराही त्यांनीच प्यायला, पण थोडा वेळ थांबून. रविवारी अनुपमाने विचारलं तेव्हा ते खरोखरच जेवलेले होते, आणि ती म्हणाली, "बाबा, आवाज बरा वाटतोय हं. कोण आलंय?"

"काम आलंय," ते म्हणाले.

पण काम अडलं होतं. जमादार रवी रोज विचारत होते. निवडणुकीच्या आधी गोणी तरी हवी होती, नाही तर पत्र तरी. इंद्रभाननी मनाशी मांडणी केली. हत्यार काळं पडतं हे खरं, पण का पडतं हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की ते चालवता येतं का. त्याचं काडतूस जगात मिळत नाही. मिळालं तरी शंभरावर वर्षांची पिन घोड्याखाली वाकेल. तेव्हा नियमाप्रमाणे ते निकामी. शिवाय बाईंना ते घरात मिळणार होतं, आणि एका कागदासाठी त्यांचं कुंकू पुसायला कोण येणार होतं? कागद म्हणजे कागद. सरकारसाठी. सगळी नोकरी त्यांनी असे कागद लिहिले होते, आणि त्यातल्या एकानेही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्यांनी फोनवर बाईंना तसं सांगितलं. "मी निकामी लिहितो. तुम्ही तुमचं कुंकू लावत राहा."

"तुमी लिहान ते खरं राहीन का खोटं?"

"खरंच. खोटं मी लिहीत नाही."

"मंग?"

फोनमध्ये सोजराबाईच्या अंगणातला पंप ऐकू येत होता.

"मालखान्यात नका धाडू त्यायले," शेवटी बाई म्हणाल्या. "घर खायाले उठते भाऊ. घरी आणा. कसेबी आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभाननी पत्र लिहायला घेतलं. बनावट: बेल्जियम. जात: पिनफायर. अवस्था: उत्तम. मूल्याच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. एरवी तिथे तो कधी थांबत नसे. 'संग्राहकांपुरते, माफक' असं त्यांनी लिहिलं. मग खाली लिहिलं, 'सदर हत्यार कायमचे निकामी असल्याचे मी प्रमाणित करतो', आणि सही केली.

टेबलावर बारीक आवाज झाला. चुलीवरून उतरवलेला तवा निवताना होतो तसा.

त्यांनी रिव्हॉल्वरला हात लावला. गार होतं.

सळई घेऊन चिंधी ओढली. पांढरी निघाली. त्यांनी दुसरी ओढली. पांढरी.

झालं, राख संपली. धातूच्या छिद्रांतली शेवटची राख. इंद्रभानना आनंद व्हायला हवा होता. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. ते चिंध्या फाडत राहिले आणि ओढत राहिले, आणि संध्याकाळपर्यंत टेबलाखाली पांढऱ्या चिंध्यांचा ढीग झाला. त्यानंतर त्यांनी उठून आतला टीव्ही लावला.

*

सकाळच्या बसने ते वरवटला निघाले. शेला मांडीवर होता. तो निघतानापेक्षा जड वाटत होता, आणि घडीच्या कोपऱ्यातून त्यांच्या धोतरावर काहीतरी तांबडं झडत होतं. त्यांनी ते झटकलं. पुन्हा झडलं.

ठाण्यात जमादारांनी पत्र वाचलं, शिक्का मारला. पत्र पाहणारा हा पहिलाच माणूस.

"सुटली म्हातारी," जमादार म्हणाले. "येऊ का संगं?"

"नको," इंद्रभान म्हणाले.

सोजराबाई तिच्या दारात उभी होती. इंद्रभानना पाहून तिने पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"काल दुपारची जेवाले बसली होती जी. अर्ध्या घासावरून उठली. आंगोळ केली, बाहीर आली, ते अशी. मी म्हटलं, माय, काय झालं? काही बोले नाही."

काल दुपारी सही झाली होती. तेव्हा खोलीत ते होते आणि टेबलावर ते हत्यार. फोन त्यांनी केला नव्हता.

सत्यभामाबाई आत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मोकळे. कपाळ कोरं, आणि कुंकवाच्या जागी एक गोरा गोल, जिथे इतक्या वर्षांत ऊन पोचलेलंच नव्हतं.

"आणले का?"

इंद्रभाननी शेला पाटावर ठेवला आणि उलगडला. आरशासारखं लोखंड उरलं नव्हतं. गंजाने फुगलेला, पापुद्रे सुटलेला एक तुकडा होता तो; फिरकी नळीला चिकटलेली, घोडा कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळू नये असा. किती तरी वर्षं ओल्या मातीत पडून राहिल्यासारखा.

"बाई, हे काल असं नव्हतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "जंगलात लई दिवस झाले ना."

त्यांनी गंजाचा एक पापुद्रा बोटाने उचलला, पाहिला आणि परत जागेवर ठेवला. रडल्या नाहीत. थकलेला माणूस घरी पोचल्यावर घरचे पाहतात, तशा पाहत राहिल्या. मग पाट हळूच बाजूला सरकवला आणि इंद्रभानच्या समोर येऊन बसल्या.

"भाऊ, आता माह्यं बी लिहून द्या."

"काय?"

"तुमी पाहून लिहिता ना, काय संपलं अन् काय नाही. तुमचं लिहिलेलं सरकार मानते. एक कागद मले बी द्या."

"असं काय बोलता, बाई? मी माणसांचं लिहीत नाही."

"मंग ह्यायचं कसं लिहिलं?"

इंद्रभान जरा पुढे सरकून बसले.

"ठणठणीत आहात तुम्ही," ते म्हणाले. "काही झालेलं नाही. आणा बघू हात."

बाईंनी हात पुढे केला. काकणं नसलेलं मनगट, त्यावर काचांनी पडलेल्या बारीक गोल रेघा. इंद्रभाननी नाडीवर दोन बोटं ठेवली आणि चेहऱ्यावर थोडं हसू आणलं, लहान मुलाची तपासणी करताना आणतात तसं.

बोटं जरा सरकवली.

पुन्हा सरकवली.

बाहेर सोजराबाईचा पंप बंद पडला.

त्यांनी दुसरा हात मागितला. बाईंनी तो दिला. इंद्रभाननी श्वास रोखून बोटं दाबली. मग तीच बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहिली. तिथे लगेच लागलं, धाडधाड. ती बोटं त्यांनी परत बाईंच्या मनगटावर ठेवली आणि बराच वेळ ठेवून राहिले.

सत्यभामाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.